आपल्याच देहाविषयी बोलण्याचा अधिकार

राळेगणसिद्धीहून पुणे-नगर महामार्गाला लागलं की दोन दिशा समोर येतात. एकीकडे अहिल्यानगर, तिथे जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा रुग्णालय. दुसरीकडे शिरूरवरून पुणे, तिथे ससून रुग्णालय, मानसोपचारतज्ज्ञ, हार्मोनतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन. जन्मनोंदीतलं लिंग आणि आतून जाणवणारं लिंग ज्याचं जुळत नाही, आणि या न जुळण्याने ज्याचं जगणंच अवघड होऊन बसतं, त्याला कागदासाठी पहिल्या दिशेला जावं लागतं आणि उपचारासाठी दुसऱ्या. या त्रासाला डॉक्टर जेंडर डिस्फोरिया म्हणतात. असा माणूस स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असेल, तर दोन्ही ठिकाणी त्याच्याविषयी एकच शंका घेतली जाते: याला स्वतःचं कळतं का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. स्वमग्नता हे जास्त वेळ देण्याचं, जास्त समजावून सांगण्याचं कारण आहे. नकार देण्याचं नाही. राळेगणमधल्या किंवा पारनेर तालुक्यातल्या कुणा एकाची कहाणी इथे येणार नाही, कारण छोट्या गावात नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो आणि त्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते. जे नोंदलं गेलं आहे, न्यायालयांत, कायद्यांत आणि संशोधनात, ते पुरेसं बोलकं आहे.

त्या नोंदींतली एक शिरूरची आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये तिथल्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या मतिमंद स्त्रियांना ससूनमध्ये आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता सांभाळता येत नाही, असं कारण देण्यात आलं. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, तेव्हा हा प्रकार थांबला. त्या स्त्रियांची स्वतःची संमती या सगळ्यात कुठेच नव्हती. त्यांना समजत नाही असं धरून इतरांनी त्यांच्या शरीराचा निर्णय घेतला होता. आज एखादी स्वमग्न प्रौढ व्यक्ती स्वतःहून, वर्षानुवर्षं विचार करून, आपल्याच शरीरावर शस्त्रक्रिया मागते, तेव्हा तिला नाकारताना तेच गृहीतक पुढे येतं. इतरांना हवं होतं तेव्हा शस्त्रक्रिया झाली. तिला हवी असते तेव्हा होत नाही. दोन्ही वेळी तिचा आवाज मोजला जात नाही. आपल्या व्यवस्थेतली ही मला सर्वांत मोठी खोट वाटते.

कायदा मात्र या तीस वर्षांत बराच पुढे आला आहे. 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका तरुणीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करायला नकार दिला. ती सरकारी आश्रयगृहात राहत होती, अनाथ होती, तिच्या बाजूने बोलणारं घरचं कुणी नव्हतं, आणि उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिलेला होता. तरीही तिला मूल हवं आहे, हे तिचं म्हणणं शेवटी ग्राह्य धरलं गेलं. पुढे 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश 21 प्रकारच्या अपंगत्वांत केला. त्याच कायद्याच्या कलम 10 ने सांगितलं की अपंग व्यक्तीवर वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार तिच्या स्वतःच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. कलम 13 ने अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची मानली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर एक फार मोलाची तरतूद आहे: उपचाराबाबत कुणाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, तर तेवढ्यावरून त्या व्यक्तीला निर्णयक्षमताच नाही असं ठरत नाही. हा कायदा मानसिक उपचारांपुरता असला, तरी शस्त्रक्रियेआधी चिठ्ठी देणाऱ्या प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाने हे तत्त्व टेबलासमोर लावून ठेवायला हवं.

लिंगओळखीच्या बाजूने पाहिलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालाने स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याआधी दोन वर्षं, मे 2012 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयासमोर आसामहून आलेल्या एकवीस वर्षांच्या बिधान बरुआचं प्रकरण आलं होतं. मुंबईत शस्त्रक्रिया ठरली होती, आईवडिलांनी विरोध केला आणि रुग्णालयाने हात आखडता घेतला. प्रौढ व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करून घ्यायला कायद्याने मनाई नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. पुढे स्वाती बिधान बरुआ या नावाने त्या आसाममध्ये लोकअदालतीच्या न्यायाधीश झाल्या. आईवडिलांचा नकार हा कायद्यातला अडसर नाही, हे महाराष्ट्रातल्या न्यायालयाने तेव्हाच सांगून ठेवलं आहे.

स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत मात्र आईवडिलांचा नकार वेगळ्या वजनाचा असतो. एस.टी.ने एकट्याने पुण्याला जाणं, बँकेत बोलणं, रुग्णालयाचा फॉर्म भरणं, फोनवर डॉक्टरांची वेळ घेणं, यांतली किती तरी कामं घरच्यांच्या मदतीने चालतात. मदत करणारा हातच विरोधात असेल तर हक्क कागदावर राहतो. त्यात 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्न प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. बहुतेक आईवडील ते प्रेमापोटी करतात: पेन्शन, बँक खातं, आपल्या पश्चात काय, ही काळजी खरी असते. पण एकदा पालकत्वाचा कागद झाला की रुग्णालय रुग्णाकडे न पाहता पालकाच्या सहीकडे पाहू लागतं. 2016 च्या कायद्याने सुचवलेलं मर्यादित पालकत्व, जिथे पालक आणि व्यक्ती मिळून निर्णय घेतात, ते रुग्णालयांच्या खिडकीपर्यंत अजून पोचलेलं नाही.

स्वमग्नता आणि लिंगओळखीचा हा प्रश्न एकाच माणसात येणं हा दुर्मिळ योगायोग मानण्याचे दिवस गेले. 2010 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या क्लिनिकने 204 मुलामुलींची तपासणी प्रसिद्ध केली. लिंगओळखीच्या प्रश्नासाठी आलेल्या त्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण 7.8 टक्के निघालं, सर्वसाधारण मुलांपेक्षा कितीतरी जास्त. 2020 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी 6 लाख 41 हजार 860 लोकांची माहिती तपासली, तेव्हा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आणि लिंगवैविध्य असलेल्या व्यक्ती स्वमग्न असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तीन ते सहा पट दिसली. असं का, याची एकच एक सर्वमान्य उपपत्ती नाही. काहींच्या मते स्वमग्न माणसं समाजाच्या अलिखित नियमांपुढे कमी वाकतात, त्यामुळे जे आहे ते लपवत नाहीत. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच: कारण काहीही असो, ही माणसं आहेत, आणि ती पारनेर तालुक्यातही असणार.

त्यांना शोधणारी यंत्रणा मात्र लहान मुलांपाशी थांबते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत तपासणी होते, ती अठरा वर्षांपर्यंतच. जी मुलगी शांत आहे, अभ्यासात बरी आहे, कुणाशी बोलत नाही पण त्रासही देत नाही, ती त्यातून सहज निसटते. प्रौढपणी अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्यायचं तर आयसा नावाची चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी लावतात. ती मुख्यतः मुलांच्या दिसणाऱ्या वागण्यावर बेतलेली आहे. वर्षानुवर्षं इतरांची नक्कल करून स्वतःला झाकत आलेल्या बाईला किंवा माणसाला ती नीट पकडत नाही. पेच इथेच सुरू होतो. प्रमाणपत्र घेतलं तर निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, सवलती मिळतात, स्वतःचं कोडं उलगडतं. पण तोच कागद सर्जनच्या फाइलमध्ये गेला तर शस्त्रक्रिया अडेल, ही भीती असते. मग माणूस डॉक्टरांपासून स्वमग्नता लपवतो, आणि ज्या माहितीच्या आधारे त्याची काळजी नीट घेता आली असती तीच माहिती डॉक्टरांना मिळत नाही.

ही भीती निराधार नाही. अमेरिकेत ॲरिझोनातला केडन क्लार्क हा तरुण स्वमग्न आणि पारलिंगी होता. ॲस्पर्जरवर, म्हणजे स्वमग्नतेच्याच एका प्रकारावर, आधी उपचार झाल्याशिवाय हार्मोन मिळणार नाहीत असं आपल्याला सांगितल्याचं त्याने जाहीरपणे मांडलं होतं. स्वमग्नता हा बरा होण्याचा आजार नाही, म्हणजे ही अट कधीच पुरी होणारी नव्हती. फेब्रुवारी 2016 मध्ये, त्याच्या घरी आत्महत्येच्या भीतीने बोलावलेल्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला.

तपासणीच्या खोलीत नेमकं काय घडतं ते समजून घ्यायला हवं, कारण बरेच नकार तिथेच जन्माला येतात. डॉक्टर विचारतात, ‘तुला पूर्ण खात्री आहे ना?’ बहुतेक माणसं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. स्वमग्न व्यक्ती प्रश्नाला प्रश्नासारखंच घेते आणि प्रामाणिकपणे सांगते की पूर्ण खात्री कुणालाच कशाचीच देता येत नाही. डॉक्टर लिहितात: साशंक. ‘दहा वर्षांनी स्वतःला कुठे पाहतोस?’ यावर गप्प बसणं येतं, कारण प्रश्न फार मोकळा आहे आणि उत्तराला वेळ लागतो. डॉक्टर लिहितात: समज अपुरी. चेहऱ्यावर दुःख दिसत नाही म्हणून त्रास खरा नाही असं वाटतं. शस्त्रक्रियेची सगळी माहिती, टाके, नळ्या, दिवस, तोंडपाठ सांगितली तर तो छंद किंवा झपाटलेपण ठरतं. तीच माहिती दुसऱ्या रुग्णाने सांगितली असती तर जागरूक रुग्ण म्हणून कौतुक झालं असतं.

यावरचे उपाय महागडे नाहीत. प्रश्न आधी लिहून द्यावेत, उत्तरं लिहून आणू द्यावीत. एका भेटीऐवजी तीन भेटी ठेवाव्यात. ‘तुला काय वाटतं’ऐवजी ‘आंघोळ करताना काय होतं, पाळी आली की काय करतोस, आरशासमोर किती वेळ उभा राहू शकतोस’ असं नेमकं विचारावं. अमेरिकेतल्या जॉन स्ट्रँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीनांसाठी तयार केलेल्या मार्गदर्शनात हाच सूर आहे: तपासणी लांबवा, ठोस करा, पण स्वमग्नतेमुळे दार लावू नका. 2022 मध्ये आलेल्या जागतिक पारलिंगी आरोग्य संघटनेच्या आठव्या आवृत्तीतील मानकांनी शस्त्रक्रियेसाठी दोनऐवजी एका तज्ज्ञाचं पत्र पुरेसं मानलं. ग्रामीण भागातून आलेल्या माणसासाठी एक पत्र कमी होणं म्हणजे पुण्याच्या कित्येक फेऱ्या कमी होणं.

स्वमग्नता आणि लिंगओळख या दोन गोष्टींचा एकत्र इतिहास विसरता येत नाही. स्वमग्न मुलांना बक्षीस-शिक्षेने ‘सुधारण्याची’ पद्धत उभी करणारे कॅलिफोर्नियाचे मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोवास यांनी 1974 मध्ये जॉर्ज रेकर्स यांच्यासोबत एका पाच वर्षांच्याही आतल्या मुलाचं ‘बायकी’ वागणं त्याच तंत्राने मोडून काढल्याचा शोधनिबंध छापला. एकाच प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारच्या मुलांना इतरांसारखं दिसायला शिकवलं जात होतं. भारतात मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये लिंगओळख बदलवण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. स्वमग्न मुलांच्या थेरपी केंद्रांत मात्र ‘मुलीसारखी बस, मुलासारखा चाल’ हे अजूनही सामाजिक कौशल्याच्या नावाखाली शिकवलं जाऊ शकतं, आणि त्याकडे कुणी या नजरेने पाहत नाही.

महाराष्ट्राने शस्त्रक्रियेचा प्रश्न घराघरांत ऐकला तो शेजारच्या बीड जिल्ह्यामुळे. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे पोलिसात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं, म्हणजे त्यांची शारीरिक बाजू पारलिंगी व्यक्तींहून वेगळी होती. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, कारण पुरुष शिपायाचे शारीरिक निकष वेगळे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगण्यात आलं, अखेर सरकारने परवानगी दिली आणि 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉ. रजत कपूर यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. 2020 मध्ये त्यांचं लग्न झालं. सरकारी रुग्णालयात, मराठवाड्यातल्या खेड्यातल्या माणसावर ही शस्त्रक्रिया होऊ शकते हे त्यातून सिद्ध झालं. पण ललित साळवे यांना पत्रकारांशी, वकिलांशी, अधिकाऱ्यांशी महिनोन्‌महिने बोलावं लागलं. ज्याला अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलणं हे दिवसभराचं श्रम आहे, त्याने हाच रस्ता कसा चालायचा?

शस्त्रक्रिया मिळेपर्यंतची वर्षं तर काढावीच लागतात. जन्मतः मुलगी म्हणून नोंदलेल्यांना छाती आणि पाळी या दोन गोष्टी सर्वांत जास्त छळतात. छाती घट्ट दाबणारा बाइंडर पारनेरच्या उन्हाळ्यात त्वचा सोलून काढतो. काही स्वमग्न व्यक्तींना तो दाब शांत करतो, काहींना कापडाचा स्पर्शही सहन होत नाही. आणखी एक धोका कमी बोलला जातो: अनेक स्वमग्न व्यक्तींना शरीराच्या आतल्या खुणा, दुखणं, दम लागणं, उशिरा कळतात. त्यामुळे घड्याळ लावून आठ तासांच्या आत बाइंडर काढणं आणि क्रेप बँडेज कधीही न वापरणं हे त्यांच्यासाठी जास्तच महत्त्वाचं. पाळीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शन देता येतं. 2017 पासून सरकारने गर्भनिरोधनासाठी आणलेलं ‘अंतरा’ हे तिमाही इंजेक्शन घेणाऱ्या अनेकींची पाळी हळूहळू कमी होते किंवा थांबते. सुरुवातीचे महिने मात्र रक्तस्राव अनियमित असतो, आणि अचानकपणा ज्यांना सोसत नाही त्यांना तो आधीच सांगायला हवा. औषध सरकारी यंत्रणेत आहे, फक्त ते या कारणासाठी मागता येतं असं कुणाला वाटत नाही.

जन्मतः मुलगा म्हणून नोंदलेल्यांपुढे किन्नर घराण्यांचा जुना रस्ता असतो. तिथे गुरू-चेल्यांचं नातं, टाळी, बोली, मानापमान यांचे कितीतरी न सांगितलेले नियम आहेत. जो न सांगितलेलं ओळखू शकत नाही त्याचा तिथेही कोंडमारा होतो. दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या घेऊन खाण्याची सवय तर जिवावर बेतू शकते, कारण तपासणीशिवाय घेतलेल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. पारलिंगी पुरुषांसाठी असा कोणताच परंपरेतला रस्ता नाही, ते एकटेच असतात.

राळेगणने गावसुधारणेसाठी स्वीकारलेल्या पंचसूत्रीत नसबंदी होती. गावाने ती स्वीकारली. नसबंदीसाठी शिबिर, गाडी, डॉक्टर, घरी येऊन विचारपूस करणारी बाई, सगळं उभं केलं जात असे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्याला शस्त्रक्रियेचं वावडं नाही. यंत्रणेने मनावर घेतलं तर ती दारापर्यंत येते. इथे तर एवढी मोठी मोहीमही लागत नाही. आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला पुढचा पत्ता माहीत असला तरी पुष्कळ.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी वॉर्ड हाच मोठा अडथळा असतो. ट्यूबलाइटचा उजेड, मॉनिटरचा आवाज, न विचारता अंगाला हात, अचानक बदललेली वेळ. वॉर्ड आधी दाखवणं, रोज ड्रेसिंग कोण आणि किती वाजता करणार ते कागदावर देणं, कानात घालायला बोळे, सोबत ओळखीचं एक माणूस, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नळ्या राहतात. योनिनिर्मितीच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने ठरावीक वेळी डायलेशन (योनिमार्ग आकसू नये म्हणून साधनाने ताणणं) करावं लागतं. ठरलेली दिनचर्या पाळण्याची ताकद ज्यांच्यात आहे असे अनेक स्वमग्न रुग्ण यात इतरांपेक्षा सरस ठरू शकतात, हे सर्जननी लक्षात घ्यावं.

सावधगिरीचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल 2024 मध्ये आलेल्या कॅस अहवालाने मुलांच्या लिंगओळख सेवांत स्वमग्न मुलांचं मोठं प्रमाण नोंदवलं आणि घाई होऊ नये असं बजावलं. एखाद्या किशोरवयीन मुलीला मैत्रिणींच्या घोळक्यात सामावता न येण्याचं दुःख आणि लिंगओळखीचं दुःख वेगळं काढायला वेळ लागू शकतो, हे खरं आहे. अठराखालच्या मुलांच्या बाबतीत कायमस्वरूपी शस्त्रक्रियेआधी थांबणं मला योग्य वाटतं. पण थांबण्याचा अर्थ त्या काळात मुलाचं ऐकणं, त्याने निवडलेल्या नावाने हाक मारणं, शाळेत त्याला जगता येईल असं बघणं. आणि तिशीच्या स्वमग्न माणसाला ‘अजून नीट विचार कर’ म्हणणं ही सावधगिरी नाही.

पैशाचा प्रश्न आहेच. 2022 मध्ये आयुष्मान भारतमध्ये पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय जोडण्याचा करार झाला, त्यात लिंगसंबंधी शस्त्रक्रियाही धरल्या होत्या. तमिळनाडूने 2008 मध्ये पारलिंगी कल्याण मंडळ स्थापून सरकारी रुग्णालयांत मोफत शस्त्रक्रिया सुरू केल्या. महाराष्ट्रात कौशल्य आहे, सेंट जॉर्जने ते दाखवलं. नेहमीची सेवा म्हणून ते उभं नाही.

आता जिल्ह्याकडे येते. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती कायद्याने ओळखीच्या दाखल्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीतही, जी स्वमग्न प्रौढांचे कायदेशीर पालक नेमते, तेच बसतात. म्हणजे एका माणसाच्या दोन फाइली एकाच कार्यालयात येतात. एकीत त्याने आपलं लिंग स्वतः सांगितलेलं असतं, दुसरीत त्याच्या वतीने दुसऱ्याने सही करायची असते. माझी अहिल्यानगरच्या आणि प्रत्येक जिल्ह्याच्या प्रशासनाला विनंती आहे की पालकत्वाचा आदेश देताना त्यात एक ओळ घालावी: शरीरावरच्या, विशेषतः कायमस्वरूपी उपचारांबाबत या व्यक्तीची स्वतःची संमती लागेल, तिच्याविना नाही आणि तिच्याविरुद्ध नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, 2016 च्या कायद्याची कलमं पुरेशी आहेत. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाला, स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी, आज मदत लागत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिलेला आहे. त्यासाठीचा क्रमांक 15100.